पॉलिशला दिलेलं टेबल

मिस्त्रीच्या हाताखालून गेलेला दरवाजा कधी कुरकुरत नाही, अशी त्याची ख्याती होती. त्याचं खरं नाव आळीतल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. कामात खोट काढायला जागा नसे. खोट होती ती तारखेत. "येत्या सोमवारी देतो" असं मिस्त्री म्हणाला, की जुनी गिऱ्हाइकं "कुठल्या महिन्यातल्या सोमवारी?" असं विचारून घेत आणि हसत. तोही हसायचा. कपाट घरी येऊन उभं राहिलं की उशीर कोणाच्या लक्षात राहत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं.

त्याची बायको मुद्रितं तपासायची. पुस्तक छापायच्या आधी जे कच्चे कागद निघतात ते वाचायचे आणि त्यातल्या चुका लाल शाईने समासात दाखवून द्यायच्या, हे काम ती बावीस वर्षं करत होती. छापखान्यात सगळे तिला बाई म्हणत. रस्त्याने जाताना तिला दुकानांच्या पाट्या सुखाने वाचता येत नसत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की डोळ्यांत कुसळ गेल्यासारखा चेहरा करायची. "तू देवाच्याही दारात उभी राहून आधी पाटी तपासशील," असं मिस्त्री म्हणायचा.

ती बाथरूममध्ये साबणाच्या पाण्यावरून घसरली आणि कमरेच्या हाडाला दोन ठिकाणी तडा गेला. ऑपरेशन नको, असं डॉक्टर म्हणाले. पण आठ आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही, पाठीला उशा देऊन बसलं तर चालेल, एवढंच. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, तिचे दिवस भरत आलेले, त्यामुळे तिला येणं शक्य नव्हतं. सकाळी अंघोळ-स्वयंपाकाला एक मावशी येऊ लागल्या. बाकी सगळं मिस्त्रीवर.

दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी बायको म्हणाली, "अहो, तिथे होतं तसं चाकांचं टेबल मला हवंय."

मिस्त्रीने ते पाहिलं होतं. एकाच बाजूला खांब, खाली चाकं लावलेला आडवा पाय. तो पाय पलंगाखाली सरकतो आणि वरची फळी बरोबर मांडीवर येते. फळी खालीवर करता येते. तिथे चार दिवस ती त्यावरच जेवली होती, आणि शेवटच्या दिवशी कागद मागवून घेऊन चार पानंही तपासली होती.

"दुकानात मिळतं म्हणे. नर्सनं सांगितलं," ती म्हणाली.

"सुताराच्या बायकोनं पत्र्याचं टेबल विकत आणायचं? लोक काय म्हणतील मला?"

"लोक कशाला येतात इथे बघायला? मला काम करायचंय."

"आठ दिवस दे. सागाची फळी, गोल कडा, आणि पेन घरंगळू नये म्हणून पुढे बारीक पट्टी. दवाखान्यातलं विसरशील."

पट्टीचं ऐकून ती खूश झाली. तिच्याकडे तेव्हा पक्ष्यांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. एकूण सव्वीस फर्मे. सोळा पानांचा एक फर्मा, त्यातले अकरा तिने पडायच्या आधी वाचून दिले होते. असं पुस्तक दहा वर्षांत हाती आलं नव्हतं. प्रत्येक पक्ष्याची तीन-तीन नावं, पिसांचे रंग, अंड्यांची मापं. त्यातलं काहीबाही ती जेवताना मिस्त्रीला वाचून दाखवायची. पुढचे फर्मे छापखान्याने घरी पाठवावेत, असं तिने फोनवर सांगून टाकलं.

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी कारखान्यात खरोखरच दोन चांगल्या फळ्या काढल्या. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. पुढच्या भागात तो स्वतः आणि मागच्या भागात त्याचा जुना सोबती, पॉलिशवाला. एक फळी रंधून गुळगुळीत झाली. मग त्याने खांबाचा विचार सुरू केला आणि तिथे घोडं अडलं. टेबलाला चार पाय असले की डोळे मिटून करता येतं. पण एकाच बाजूच्या खांबावर फळी तोलायची, तर लाकडाचा खांब बारीक करून चालत नाही, डुगडुगतो. जाड केला तर तो मुसळासारखा दिसतो आणि वर-खाली होत नाही. एक सांधा त्याने करून पाहिला. वर हाताचा कोपर टेकवला तशी फळी वाकली. लोखंडाचा खांब करून घ्यायला हवा होता. म्हणजे कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे जायचं आणि त्याला विचारायचं, की बाबा, हे कसं करतात? तीस वर्षं लोक मिस्त्रीला विचारायला येत होते. स्वतः जाऊन विचारणं त्याच्या जिवावर आलं.

त्याने फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या. एका दातांच्या डॉक्टरांच्या नव्या घराची कपाटं चालू होती, ती पुढे ओढली.

आठव्या दिवशी बायकोने विचारलं, "झालं का?"

"पाय झालेत," मिस्त्री म्हणाला.

असं का म्हणालो, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. वेळ मारून नेण्याची सवय जिभेलाच लागलेली होती. गिऱ्हाइकांना तो रोज असंच सांगायचा आणि मग रात्रंदिवस एक करून ते खरं करून दाखवायचा. इथेही करू, असं तो धरून चालला. तोवर अडचण नको म्हणून प्लायचा एक गुळगुळीत तुकडा त्याने घरी आणला. दोन बाजूंना दोन उशा आणि वर तो तुकडा. "हे तात्पुरतं," तो म्हणाला.

तात्पुरतं तीन आठवडे चाललं. उशी दबली की फळकूट एका बाजूला कलायचं. बायको एका हाताने ते धरायची आणि दुसऱ्या हाताने लिहायची. तिची अक्षरं तिरपी यायला लागली. मान अवघडायची. रोज संध्याकाळी मिस्त्री घरी आला की ती विचारायची, आणि मिस्त्रीकडे रोज एक पायरी पुढचं उत्तर तयार असायचं. चाकं आणायला सांगितलीत. चाकं आली, पण लहान निघाली. फळी बसवली. आणि शेवटी, बाविसाव्या दिवशी: "पॉलिशला दिलंय. दोन हात झालेत, तिसरा उद्या."

ती म्हणाली, "बरं."

त्यानंतरच्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी त्याने तिला सूप गरम करून दिलं. कागद बाजूला घ्यायला हवे होते. पण ओळ पुरी होऊ दे, असं ती म्हणाली, म्हणून त्याने वाडगा फळकुटाच्या एका टोकाला ठेवला आणि चमचा आणायला आत गेला. चमचा हातात घेतला, तेवढ्यात तिचा आवाज आला. ती ओरडली नाही. फक्त श्वास आत ओढल्याचा एक लांब आवाज.

फळकूट घसरलं होतं. वाडगाभर उकळतं सूप तिच्या मांडीवर, आणि तिला उठून बाजूला होता येत नव्हतं. पाय झटकताही येत नव्हता. मिस्त्रीने चादर ओढली, गार पाणी ओतलं, कपडा कापून काढला. कातडी लाल होऊन वर आली होती. या सगळ्यात ती "कागद, कागद" म्हणत होती. सतरावा आणि अठरावा फर्मा भिजून एकमेकांना चिकटले होते, आणि लाल शाई फुटून सगळ्या पानांवर पसरली होती.

दुसऱ्या दिवसापासून ड्रेसिंगला नर्स येऊ लागली. छापखान्याच्या मालकांचा फोन आला. सज्जन माणूस. "बाई, तुम्ही आधी बऱ्या व्हा. राहिलेले फर्मे आम्ही दुसरीकडे देतो, तुम्ही कसली काळजी करू नका." ती "हो, हो, बरोबर आहे" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने तोंड भिंतीकडे केलं. कमरेमुळे तिला नुसती मानच वळवता येत होती, म्हणून मान तेवढी भिंतीकडे आणि बाकीची ती मिस्त्रीच्या समोर. तो तिथे उभा राहू शकला नाही. मावशींना काही तरी सांगून कारखान्यात निघून गेला.

शनिवारी तिचा थोरला भाऊ आला. त्याला दोघंही दादा म्हणत. दादा बसच्या आगारात गाड्यांची वेळापत्रकं लावायचा. घड्याळाचा माणूस. बोलायला कमी, पण मेव्हण्याशी त्याचं बरं जमायचं. त्याच्या घरातली देवघरापासून चपलांच्या खणापर्यंतची सगळी लाकडं मिस्त्रीनेच केलेली होती. दादा बहिणीला भेटला, तिची भाजलेली मांडी त्याने पाहिली नाही पण काय झालं ते ऐकलं, आणि तिथून मित्राची गाडी घेऊन तो सरळ कारखान्यात आला.

"मिस्त्री, चला. टेबल गाडीत टाकू आणि घेऊन जाऊ. पॉलिश झालंय ना? नसेल सुकलं तर घरी सुकेल."

मिस्त्रीच्या हातात पटाशी होती. ती त्याने खाली ठेवली, पुन्हा उचलली. "दादा, त्याचं असं आहे..."

पॉलिशवाला मागच्या बाजूने हात पुसत आला. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. "कुठलं टेबल?" त्याने विचारलं.

"ते चाकांचं. बहिणीचं. तुमच्याकडे दिलंय ना पॉलिशला?"

"माझ्याकडे?" पॉलिशवाला हसला. "माझ्याकडे दातवाल्या डॉक्टरांची दारं सोडून महिन्याभरात काही आलेलं नाही. कसलं टेबल हो, मिस्त्री?"

भिंतीला टेकवलेल्या दोन फळ्यांकडे मिस्त्रीची नजर गेली आणि दादाचीही त्याच्या मागोमाग गेली. एक रंधलेली, दुसरी खरबरीत. वरच्या बाजूला पेन्सिलीची चार रेघांची खूण आणि त्यावर बोटभर भुसा. दादा जवळ गेला. त्याने त्या फळीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं.

"हे का ते?" त्याने विचारलं.

"हो."

पॉलिशवाल्याच्या आता लक्षात आलं. तो पुटपुटत मागे निघून गेला. दादाने मिस्त्रीला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्या वेळात मिस्त्रीने मनातल्या मनात स्वतःला ज्या घातल्या, त्यातली एकही दादाने उच्चारली नाही. त्याने रुमालाने बोट पुसलं, रुमालाची घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाला, "दुकान किती वाजता बंद होतं, माहीत आहे?"

दोघं गाडीत बसले. वाटेत दादा एकदाच बोलला. "डावीकडे घेऊ का?" मिस्त्री "हो" म्हणाला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला त्या पंधरा मिनिटांत कळलं.

दुकान दवाखान्याच्या सामानाचं. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, आणि मागच्या रांगेत तशी पाच-सहा टेबलं उभी. दुकानातल्या बाईने एक पुढे ओढलं. पांढरी फळी, राखाडी खांब, बाजूला एक दांडी. दांडी दाबली की फळी अलगद वर यायची. मिस्त्रीने सवयीने वाकून सांधा पाहिला. खांबात दुसरा खांब सरकत होता आणि आत स्प्रिंग होती. त्याने फळीच्या टोकावर कोपर टेकवून भार टाकला. फळी हलली नाही. ज्यापायी त्याने तीन आठवडे तोंड लपवलं होतं, ते इतकं सोपं होतं.

"पलंगाला पाय आहेत ना?" बाईने विचारलं. "खाली चार बोटं तरी मोकळी जागा हवी, नाहीतर हा पाय आत जाणार नाही. माप घेतलंय का?"

"मी सुतार आहे," मिस्त्री म्हणाला.

बाईने मान डोलावली आणि पावती केली. दादा पलीकडे उभा होता. त्याने मिस्त्रीकडे पाहिलं आणि मग नजर काढून घेतली. पैसे कोणी द्यायचे यावर काही बोलणं झालं नाही. मिस्त्रीने दिले.

घरी बायको उशीला टेकून बसली होती. दोघं टेबल घेऊन आत आले, तेव्हा तिने आधी टेबलाकडे पाहिलं, मग भावाकडे, मग नवऱ्याकडे. पांढरी फळी बघून तिला काय कळायचं ते कळलं असणार.

मिस्त्रीने चाकांचे खटके सोडवले आणि टेबल पलंगाशी नेलं. पाय पलंगाच्या बाजूला आपटला. ठक.

त्याने पुन्हा मागे घेऊन सरकवलं. ठक.

पलंग पेटीचा होता. त्याने स्वतः बांधलेला, अठरा वर्षांपूर्वी, या घरात आले तेव्हा. चारही बाजूंनी जमिनीपर्यंत बंद, खाली जाड तळपट्टी, बाजूला दोन प्रचंड ड्रॉवर. आलेल्या-गेलेल्याला तो कौतुकाने दाखवायचा, की याच्याखाली मुंगीलासुद्धा जागा नाही. दुकानातल्या बाईने विचारलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कुठला पलंग होता, देव जाणे. बहुधा कुठलाच नव्हता. दादा समोर उभा असताना आपल्याला कोणी माप शिकवतंय, एवढंच त्याला ऐकू आलं होतं.

"ती पेटी आहे ना," बायको हळूच म्हणाली. जणू तिचाच काही अपराध होता.

दादा खुर्चीवर बसला. "लोखंडी खाट आणू का भाड्याने?" त्याने बहिणीला विचारलं. "तुला दोघं-तिघं मिळून उचलू."

ती पांढरी पडली. दवाखान्यातून आणताना जिना चढवलं होतं तेव्हाचे तिचे हाल तिघांनाही आठवत होते. आणि आता तर मांडीही भाजलेली.

"उचलायचं नाही," मिस्त्री म्हणाला. "मी कापतो."

"काय कापता?"

"पलंग."

त्याने हत्यारांची पेटी आणली आणि जमिनीवर बसला. टेबलाचा पाय जिथे जायला हवा तिथला ड्रॉवर आधी बाहेर काढायचा होता. तो ओढला, पण पूर्ण येईना, इतका भरलेला. दादा मदतीला खाली बसला. एकेक वस्तू बाहेर निघू लागली. जुन्या दारांच्या मुठी. बिजागऱ्यांचे डबे. वेनिअरचे नमुने, पंधरा वर्षांपूर्वीचे. मोडकं गिरमिट. कधी तरी उपयोगी पडतील म्हणून ठेवलेल्या पट्ट्या, काचेचे तुकडे, कुलपं नसलेल्या किल्ल्या. दादा ते सगळं निमूटपणे भिंतीशी रचत होता. पाऊण खोली भरली. त्यात बायकोची एकही वस्तू नव्हती. तिचे शब्दकोश खिडकीच्या कट्ट्यावर एकावर एक रचलेले होते आणि कपडे माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असायचे. स्टुलावर चढून ती ते काढायची. मिस्त्रीने हे अठरा वर्षं रोज पाहिलं होतं. आज दादा पाहत होता.

ड्रॉवर निघाला. आत उघडी जमीन दिसली. आता फक्त खालची तळपट्टी आडवी होती. मशीन लावलं असतं तर दोन मिनिटांचं काम, पण मशीनचा हादरा वर बसला असता. त्याने बारीक दातांची करवत घेतली, पालथा पडला आणि कापायला सुरुवात केली.

"दुखतंय का?" तो खालून विचारायचा.

"नाही. थोडं. थांबा जरा."

तो थांबायचा. तिचा श्वास वरून ऐकू यायचा. मग ती "हं" म्हणायची आणि तो पुन्हा चार हात मारायचा. लाकूड चांगलं होतं, सोडत नव्हतं. त्याने ते तसंच निवडून घेतलं होतं. गाल फरशीला टेकलेला, तोंडात भुसा, आणि वर ती. एवढ्या जवळ असून तिचं तोंड दिसत नव्हतं, हेच बरं होतं. दोन बाजूंना दोन काप घ्यायला सव्वा तास लागला. पट्टीचा तुकडा सुटून हातात आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

दादाने टेबल सरकवलं. पाय आत गेला. पांढरी फळी तिच्या मांडीपासून चार बोटं वर येऊन थांबली.

तिने दोन्ही हात त्यावर ठेवले. नुसते ठेवले, थोडा वेळ. मग म्हणाली, "दादा, चहा घेऊन जा. तुझी सहाची गाडी आहे ना?"

दादा चहा घेऊन गेला. जाताना दारात त्याने मिस्त्रीच्या खांद्यावरचा भुसा झटकला. ते प्रेमाने की नुसता भुसा दिसला म्हणून, हे मिस्त्रीला कळलं नाही, आणि पुढे कधी विचारायचा धीरही झाला नाही.

दोघंच राहिल्यावर ती म्हणाली, "एकही पाय झाला नव्हता?"

"नाही."

"चाकं?"

"नाही."

"मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं."

मिस्त्री खाली पसरलेल्या बिजागऱ्या डब्यात भरत होता. त्याचा हात थांबला.

"तुम्ही खरंच काही करत असता तेव्हा घरी येऊन बोलत नाही. विचारलं तरी 'बघू' म्हणता. या वेळी रोज काही तरी सांगत होतात." ती समोरच्या रिकाम्या फळीकडे बघत होती. "मी समासात प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज विचारत होते की. आणखी काय बोलू?"

त्याने तिला सांधा डुगडुगल्याचं सांगितलं. वेल्डरकडे जायची लाज वाटली, हेही सांगितलं. सांगताना त्याच्याच कानांना ते इतकं किरकोळ वाटलं, की मध्येच तो थांबला. ती ऐकत होती. "हं," एवढंच म्हणाली. रागावली असती तर त्याला माफी मागता आली असती. ती म्हणाली, "चष्मा द्या जरा, आणि तो वरचा कोश."

त्या दिवसानंतर तिचे दिवस बरे गेले. ती ताठ बसून जेवायची. टेबल जवळ ओढायचं, दूर लोटायचं, दांडी दाबून वर घ्यायचं, हे सगळं तिचं तिला करता यायचं. कोणाला हाक मारावी लागत नसे. मुलगी बाळंत झाली तेव्हा बाळाचे फोटो तिने त्यावर ओळीने मांडले. तपासायला कागद मात्र आले नाहीत. ती जुन्या शब्दकोशातल्या चुका काढत बसायची. मिस्त्री कामावरून येताना पायांचा आवाज न करता यायचा. का, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. भाजल्याची जागा भरून आली, पण तळहाताएवढा डाग राहिला, आणि ड्रेसिंग सुटल्यावर तिला आधार देताना त्या बाजूला त्याचा हात जायचा नाही.

अकराव्या आठवड्यात ती काठी घेऊन चालायला लागली. त्यानंतर पंधरा दिवसांनी तिने छापखान्यात जायचं ठरवलं. मिस्त्री बरोबर गेला. तिला पायऱ्या चढायला हात लागणार होता.

छापखान्यात सगळे उठून उभे राहिले. मालकांनी स्वतः खुर्ची दिली. पक्ष्यांचं पुस्तक छापून झालं होतं. मालकांनी त्याची एक प्रत तिच्या हातात दिली आणि संकोचाने म्हणाले, "उरलेलं तुमच्यासारखं झालेलं नाही, बाई. तुम्हाला दिसेलच." तिने पुस्तक उघडलं नाही. पिशवीत ठेवलं.

मग मालक मिस्त्रीकडे वळले. काही तरी चांगलं बोलावं, असं त्यांच्या मनात होतं. "आणि मिस्त्री, तुमचं टेबल अगदी नामी झालं असेल. आम्ही मधल्या काळात दोनदा म्हटलं, बाई, फर्मे दुसरीकडे देतो. पण बाई ऐकायला तयार नाहीत. म्हणाल्या, आमचे हे स्वतः करताहेत टेबल, सागाचं, पॉलिशला दिलंय, झालं की दोन दिवसांत सगळं संपवते. त्यांच्या शब्दावर थांबलो आम्ही. वाईट वाटलं नंतर. ते भाजायचं झालं नसतं तर..."

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. ती काठीच्या मुठीवर हात ठेवून समोरच्या टेबलावरचे कागद उलटे वाचत होती. दुसऱ्याच आठवड्यात तिला कळलं होतं. तरी पॉलिशचं ते तिने इथे, या माणसाला, स्वतःचा शब्द म्हणून सांगितलं होतं. ज्या ठिकाणी बावीस वर्षांत तिने एक चुकीची वेलांटी पुढे जाऊ दिली नव्हती, त्या ठिकाणी.

यंत्राजवळची दोन माणसं कौतुकाने मिस्त्रीकडे बघत होती. मान हलवून "हो, झालं ठीक" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तीही काही बोलली नसती.

"मी केलं नाही ते," मिस्त्री म्हणाला. नीट ऐकू जावं म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "टेबल मी केलं नाही. सुरूही केलं नव्हतं. पॉलिशला वगैरे काही दिलं नव्हतं. मी तिला खोटं सांगत होतो आणि तिने तुम्हाला सांगितलं. नंतर दुकानातून विकत आणलं."

मालक गडबडले. "असं होय," ते म्हणाले. "असू दे, असू दे. होतं असं." आणि चहा सांगायला म्हणून ते बाहेर गेले, बराच वेळ आलेच नाहीत.

बायकोने वर पाहिलं नाही. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मिस्त्रीला वाटलं, आपण खरं बोललो खरे, पण तेही हिच्याच डोक्यावर नेऊन फोडलं. चारचौघांत तिचा नवरा असा आहे, हे आता सगळ्यांना माहीत झालं. त्याला तिथून उठून जावंसं वाटत होतं. पण तिला पायऱ्या उतरायला हात लागणार होता, म्हणून तो बसून राहिला.

चहा आला. तिने अर्धा घेतला. मालकांनी एक छोटं काम पुढे केलं, चाळीस पानांची कसली तरी माहितीपुस्तिका. तिने ती चाळून पाहिली. पहिल्याच पानावर तिची लाल पेन्सिल थांबली, आणि तिने ती पिशवीत टाकली. "मंगळवारपर्यंत देते," ती म्हणाली.

पायऱ्या उतरताना तिने त्याच्या दंडाला धरलं. खाली आल्यावरही थोडा वेळ सोडलं नाही. रस्त्यावर गर्दी होती. काठी, एक पाय, दुसरा पाय, अशी ती चालत होती आणि तो तिच्या पावलाला पाऊल जुळवत होता.

"ते सगळं तिथे सांगायलाच हवं होतं का?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"माहीत नाही," मिस्त्री म्हणाला.

कोपऱ्यावर वाहनं थांबेपर्यंत दोघं उभे राहिले, मग सावकाश रस्ता ओलांडून घराकडे वळले.